पाथर्डी फाट्याचं घर आणि कागदावर न आलेले हप्ते

नाशिकमध्ये गृहकर्जाची कामं करते मी. फाइल बनवणं, बँकेत पाठपुरावा करणं, माणसाला हप्ता झेपेल का ते आधीच सांगणं, हे रोजचं काम. या कामात माणसं सुखासाठी काय काय सोडायला तयार होतात ते फार जवळून दिसतं, कारण आपल्याकडे सुख म्हटलं की पहिल्यांदा स्वतःचं घरच डोळ्यासमोर येतं. कोणी दागिने मोडतं, कोणी गावाकडची जमीन विकतं, कोणी पीएफ काढतं. हे सगळं कागदावर येतं, त्याचा हिशोब होतो. जे येत नाही त्याबद्दल एक प्रकरण सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ज्यांचं आहे त्यांनी परवानगी दिलीये, नावं देत नाही आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात. मी त्यांना दादा-वहिनी म्हणते, इथेही तेच म्हणते.

तर 2011. दादा ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सला, वहिनी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा झालेल्या, डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. भाड्याची एक खोली-किचन, तीन वर्षांची मुलगी, आणि दादांचे आई-वडील इकडे नाशिकला सिडकोत जुन्या घरात. दादांचा ठाण्याला जायचा वेळ किती, तर लोकलने पंचवीस मिनिटं. गर्दीत चेंगरून का होईना पण पंचवीस मिनिटं. संध्याकाळी सात-सव्वासातला माणूस घरी.

पण घर भाड्याचं, दर अकरा महिन्यांनी मालकाची कटकट, पाण्याच्या वेळा, मुलीला खेळायला जिना सोडून जागा नाही. आणि दादांच्या डोक्यात नाशिक. नाशिकची हवा, मोकळी जागा, आई-बाबा जवळ, अंगणात तुळस, दारात गाडी. पाथर्डी फाट्याला तेव्हा रो-हाऊसच्या स्कीम जोरात चालू होत्या, डोंबिवलीत ज्या पैशात वन बीएचके जेमतेम येईल त्यात इथे तळमजला आणि वर एक मजला. अठरा लाख कर्ज, वीस वर्षं, हप्ता जवळपास 18 हजार. नोकरी ठाण्याचीच ठेवायची आणि पंचवटीने अपडाऊन करायचं.

पंचवटी एक्स्प्रेस ज्यांनी फक्त लांबून बघितलीये त्यांच्यासाठी सांगते, ही गाडी 1975 पासून आहे, मनमाडहून पहाटे निघते, नाशिकरोडला सातच्या आसपास येते आणि नाशिकच्या कितीतरी घरांची चूल या गाडीच्या वेळेवर पेटते. नोकरी मुंबई-ठाण्याची, संसार नाशिकचा, असे हजारो लोक. त्यामुळे दादांचा निर्णय काही जगावेगळा नव्हता, ओळखीतले चार जण तेच करत होते आणि सगळे म्हणायचे, होते सवय.

फाइल माझ्याकडे आली तेव्हा वहिनी सहअर्जदार होत्या, त्यांचा पगार धरूनच पात्रता बसत होती. ताबा मिळाला आणि दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. कारण साधं होतं, मुलगी नवीन शाळेत, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास, नवरा सकाळी सव्वासहाला बाहेर आणि रात्री सव्वादहाला आत, घरात कोणीतरी पाहिजे ना. हे 'कोणीतरी' कोण याची चर्चा झालीच नाही, मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं, दोघांचं उत्तर तेच, "ते ठरलेलंच होतं."

आता वेळेचा हिशोब मांडते. गाडीत जाऊन-येऊन सहा तास, पाथर्डी फाटा ते नाशिकरोड दोन्ही वेळचं धरून एक तास, म्हणजे रोजचे सात. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर साडेसतराशे तास. आठ तासांच्या ड्यूटीने भाग दिला तर दोनशेच्या वर दिवस होतात. म्हणजे दादा दरवर्षी जवळजवळ अजून एक फुल टाइम नोकरी करत होते, बिनपगारी, फक्त जाण्यायेण्याची. आणि हे 2011 पासून मार्च 2020 पर्यंत.

यावर अभ्यास झालेले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या हजारो लोकांची अनेक वर्षांची माहिती घेऊन नेमका हाच प्रश्न तपासला, त्यांचा पेपर 2008 मध्ये छापून आला. अर्थशास्त्राचं साधं म्हणणं असं की लांबचा प्रवास माणूस उगाच करत नाही, त्या बदल्यात त्याला स्वस्त किंवा मोठं घर मिळतं नाहीतर चांगला पगार मिळतो, म्हणजे हिशोब बरोबरीत सुटायला पाहिजे, लांबून येणारा आणि जवळ राहणारा दोघं सारखेच समाधानी असायला पाहिजेत. तसं निघालं नाही. प्रवास जितका लांब तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. म्हणजे लोक प्रवासाची किंमत कमी धरून चालतात आणि घराचं सुख जास्त.

माझ्याकडे येणाऱ्या लोकांत मला हे इतक्यांदा दिसलंय की तो पेपर कळला तेव्हा आश्चर्य नाही वाटलं. नव्या घराची सवय होते हो. पहिल्या दिवाळीला माणूस टाइल्सवर अनवाणी फिरतो, तिसऱ्या दिवाळीला त्याच टाइल्स पुसायला कंटाळतो. प्रवासाची सवय तशी होत नाही, कारण तो रोज वेगळा छळतो. आज गाडी घाटात उभी, उद्या पावसाने रद्द, परवा जागेवरून भांडण. संध्याकाळी कसाऱ्याला चढासाठी मागून बँकर इंजिन लागेपर्यंत गाडी थांबायची, घाटात मोबाइलची रेंज जायची आणि वहिनी घरी ताटावर झाकण ठेवून बसलेल्या.

पण इथे या प्रकरणाची गोष्ट जरा वेगळी वळते आणि म्हणूनच मला ते लिहावंसं वाटलं.

दादा गाडीत दुःखी नव्हते! उलट गाडीत ते खुलायचे. पासधारकांचं एक वेगळं गाव असतं पंचवटीत. ठरलेला डबा, ठरलेल्या जागा, एकमेकांना हाका मारून जागा धरणं, वाढदिवसाला केक, दसऱ्याला इंजिनाची पूजा, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं तर डब्यात पेढे. एकाच्या वडिलांना रात्री ॲडमिट केलं तर दवाखान्यात पहिले पोचलेले डब्यातलेच. पासधारकांचा एक डबा शिस्तीचा आदर्श डबा म्हणून नावाजलाय, तिथे मोठ्याने बोलायचं नाही, पत्ते कुटायचे नाहीत, मोबाइल हळू. दादांचा डबा तो नव्हता, त्यांच्याकडे दंगाच असायचा, आणि परतीच्या गाडीत इगतपुरी सोडली की भजनं. दादा तबल्याच्या नावाखाली डबा वाजवायचे, म्हणजे जेवणाचा रिकामा डबा.

2004 मध्ये डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा प्रसंगाप्रसंगाने हिशोब लिहायला सांगितला होता, काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं. सगळ्यात खाली सकाळचा कामावर जायचा प्रवास निघाला, आणि वरच्या बाजूला जवळच्या माणसाबरोबरचा वेळ, कामानंतरच्या गप्पा, मित्रमंडळी. पंचवटीत ही दोन्ही टोकं एकाच डब्यात बसलेली. दादांनी घरच्या संध्याकाळी सोडल्या हे खरं, पण त्यांना बदल्यात दुसऱ्या संध्याकाळी मिळाल्या, माणसांनी भरलेल्या. वहिनींना बदल्यात काय मिळालं? लॅबमधल्या तीन मैत्रिणी डोंबिवलीला राहिल्या, इथे गल्लीत ओळखी व्हायला दोन वर्षं गेली, पहाटे साडेचारला उठून डबा, मग मुलगी, मग सासूबाईंची औषधं, आणि रात्री साडेदहाला दुसऱ्यांदा जेवणाची भांडी. दिवसभरात स्वतःच्या नावाचा एक तास नाही.

लॉकडाऊन लागलं, गाड्या बंद झाल्या आणि दादा नऊ वर्षांत पहिल्यांदा सलग घरात. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग वाढवून ऑगस्टअखेरपर्यंत सहा महिने. त्यासाठी दोघं माझ्याशी फोनवर बोलले. मी त्यांना नेहमीचं सांगितलं, की हप्ता पुढे गेला तरी व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढत राहतं, पगार चालू असेल तर भरत राहा. वहिनी पलीकडून पटकन म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात असले पुढे ढकललेले खूप आहेत." मी पुढे काही विचारलं नाही, पण महिन्याभराने त्यांचाच फोन आला आणि मग सगळं निघालं.

झालं असं होतं की पहिले पंधरा दिवस मजेत गेले, पदार्थ, पत्ते, गच्चीवर चकरा. मग दादांना घरात काय करायचं तेच कळेना. मुलगी बाराची झालेली, तिचं दार बंद. सासूबाई पाणीसुद्धा सुनेकडेच मागणार, मुलगा समोर बसलेला असला तरी. दादा चिडचिडे झाले आणि एक दिवस जेवताना बोलून गेले की या घरासाठी नऊ वर्षं मी हाडं घासली आणि माझ्याशी कोणी धड बोलत नाही. वहिनी ताट ठेवून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला निदान पंचवटी होती."

दादांनी स्वतः मला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. म्हणाले, ताई, मला आधी राग आला, मग दोन दिवस झोप नाही लागली.

त्या भांडणात एक वही निघाली. शंभर पानी, फ्रिजवर ठेवलेली असायची. बाप घरी नसताना मुलगी रात्री त्यात लिहून झोपायची आणि बाप पहाटे चहा पिता पिता उत्तर लिहून जायचा. मी ती बघितलीये. पहिल्या पानांवर मोठ्ठी अक्षरं, "पप्पा दात पडला पुडीत ठेवलाय बघा", खाली, "बघितला, पांढराशुभ्र आहे". "पप्पा आज डबा नाही संपवला मम्मीला नका सांगू." "नाही सांगत." "प्रोजेक्टला चार्टपेपर." "आणलाय, कपाटावर." मग पाचवी-सहावीच्या सुमाराला वाक्यं आखूड होत जातात, फी 2400, सही, सही, स्टडी टूरचे पैसे, सही. शेवटची पाच-सहा पानं कोरी.

दादांच्या मते ही वही म्हणजे पुरावा, की मी नसलो तरी पोरीत होतो. भांडणात तीच त्यांनी पुढे केली. आणि वहिनींनी सांगितलं की रात्री नऊला पेंगणाऱ्या पोरीला मांडीवर घेऊन मी लिहून घ्यायचे, रोज, नाहीतर तिला बाप कसा कळणार, आणि सहावीत ती म्हणाली मम्मी आता बास, तेव्हा मी सोडून दिलं. दादांना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या आणि मुलीच्या नात्यातला जो भाग त्यांना स्वतःचा वाटत होता तोसुद्धा कोणीतरी आपल्या झोपेतून भरत होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. त्याग म्हणताना आपण एकदाच काहीतरी देऊन मोकळं झालो असं धरतो, दागिना मोडला, गाव सोडलं, झालं. पण वेळेचा, नात्याचा, कामाचा त्याग हप्त्याने जातो, रोज, आणि ज्याने निर्णय घेतला त्याच्याच खात्यातून जातो असं नाही. कर्जाच्या फॉर्मवर सहअर्जदाराची सही लागते. याला लागत नाही. दादा वाईट माणूस आहेत का, अजिबात नाही, निर्व्यसनी, पगार घरात देणारा, आई-बापांना सांभाळणारा माणूस. त्यांनी जे सोडलं ते त्यांनी सहन केलं आणि म्हणून त्यांना वाटलं की सोडणारा मी एकटाच. आपल्याकडे पुरुषाचा त्याग मोजता येतो कारण त्याला गाडीची वेळ असते, पास असतो, थकवा दिसतो. बाईचा त्याग घरात विरघळून जातो आणि त्याला "ठरलेलंच होतं" म्हणतात. मला याचा मनापासून त्रास होतो, रोज फाइली बघताना होतो, बायकोचं उत्पन्न धरून कर्ज बसवायचं आणि वर्षाच्या आत तो रकाना शून्य, असं कितीतरी घरांत.

पुढे काय झालं ते सांगते. कंपनीने परत ठाण्याला बोलावलं तेव्हा दादांनी लगेच हो म्हटलं नाही. दोघं माझ्या ऑफिसला आले. मी त्यांना खर्चाचा तक्ता करायला लावला तसाच अपडाऊनच्या दिवसांतल्या वेळेचा करायला लावला, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, सासूबाईंचासुद्धा. दोन दिवसांनी घेऊन आले. दादांच्या रकान्यात झोप साडेपाच तास, वहिनींच्या सहा, पण मधेच दोनदा उठणं. 'स्वतःसाठी' या ओळीत दादांनी स्वतःपुढे लिहिलेलं, गाडीत अडीच तास. वहिनींच्या पुढे रेघ.

तेव्हा मी त्यांना अजून एक अभ्यास सांगितला होता, अ‍ॅश्ली व्हिलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2017 चा, अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स इथल्या सहा हजारांच्या वर लोकांचा. जे लोक पैसे देऊन वेळ मोकळा करून घेतात, नावडतं काम दुसऱ्याकडून करवून घेतात, ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले, आणि फक्त श्रीमंत लोक नाही. दादांनी विचारलं, म्हणजे कामवाली लावू का? वहिनी म्हणाल्या, "लावा. आणि पगार कमी झाला तरी चालेल पण नोकरी इथली बघा."

चार महिने शोधून अंबड एमआयडीसीत नोकरी मिळाली, पगार जवळपास एक तृतीयांश कमी. घरापासून पंधरा मिनिटं. हप्ता डोक्यावर दहा वर्षांचा शिल्लक. वर्षभर फार ओढाताण झाली, गाडी विकली, एफडी मोडली. आणि दादांना पहिले सहा महिने फार जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. डब्यातली माणसं सुटली. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे पण ग्रुपवर गुड मॉर्निंग येतं, पेढा येत नाही. रविवारी कधीतरी दोघं-चौघं मिसळ खायला भेटतात, पण ज्या वेळेला इगतपुरी यायची त्या वेळेला, म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला, ते घरात येरझारा घालायचे असं वहिनी सांगतात. तोही त्याग होता आणि तो खरंच त्यांचा एकट्याचा होता. वहिनींनी तो ओळखला, त्यांनीच शोधून पाथर्डी गावातल्या भजनी मंडळात त्यांना पाठवलं. तिथे खरा तबला आहे.

वहिनींचं काम सोपं नव्हतं. दहा वर्षांच्या गॅपनंतर लॅबमध्ये उभं कोण करणार, सगळी मशीनं बदललेली. शेवटी एका कलेक्शन सेंटरला सकाळचं सॅम्पल घ्यायचं काम मिळालं, सात ते अकरा, पगार इतका थोडा की दादांच्या आईंनी विचारलं, यासाठी कशाला जायचं. पण शीर शोधायचा हात गेला नव्हता. त्या सांगत होत्या की पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या आजोबांची शीर सापडत नव्हती, दोघांनी प्रयत्न केलेला, यांनी दंडाला पट्टा बांधला, मनगटाच्या वर बोटाने चाचपलं आणि एका टोचण्यात घेतलं. हे सांगताना त्या जितक्या भराभर बोलत होत्या तितकं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. सकाळचा नाश्ता आणि मुलीचा डबा तेव्हापासून दादांकडे. पोळ्या कामवाल्या मावशी करतात, बाकी दादा.

मुलीचं काय, तर ते पूर्ण सुधारलं असं मी म्हणणार नाही. ती बापाशी नीट बोलते, पण मनातलं आईला सांगते. काही वर्षं अशी असतात की ती गेली की गेली, पगार वाढवून किंवा कमी करून ती परत येत नाहीत, आणि दादा हे मान्य करतात, उगाच तिच्या मागे लागत नाहीत.

यंदा तिची बारावी झाली, पुण्याला जायचंय, हॉस्टेल आणि फी मिळून मोठा आकडा. नेमकं तेव्हाच ठाण्याच्या जुन्या कंपनीचा फोन आला, जुन्या साहेबांनी बोलावलं, पगार आत्ताच्या दीडपट, आठवड्यात चार दिवस यायचं. दोघं परत माझ्याकडे आले, या वेळी तक्ता घरूनच करून आणलेला आणि तो वहिनींच्या अक्षरात. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, शैक्षणिक कर्ज किती बसेल, त्यात सहअर्जदार म्हणून त्यांचं आता चालू असलेलं उत्पन्न धरता येईल का, आणि वरचा मजला बाहेरून जिना काढून भाड्याने दिला तर अंबडच्या कंपन्यांतली मुलं किती भाडं देतात. दादा मधे एकदाच बोलले, "चार दिवस म्हणतात, पण ते पाच होतात, मला माहितीये." कंपनीला नकार कळवलाय. जिन्याचं काम पावसाळ्याआधी करून घ्यायचंय आणि शैक्षणिक कर्जाची फाइल माझ्या टेबलवर आहे, पहिला अर्जदार मुलगी, सहअर्जदार आई.